घोडा सरळ, ट्रेलर तिरका

मंडळी, या शनिवारचा विषय जरा अवजड आहे. अवजड म्हणजे अगदी चाळीस-पन्नास टन अवजड. हिंजवडीच्या सिग्नलला अर्धं आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांना ट्रेलर म्हणजे 'पुढचा रस्ता अडवणारी भिंत' एवढंच माहीत असतं. मी मूळचा बल्लारपूरचा, शिक्षण मेकॅनिकलचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची (हसू नका, तुमच्यातले निम्मे असेच आहेत :)). आमच्याकडे ट्रेलर हा जवळजवळ शेजारी असतो. घुग्घुस, माजरी, दुर्गापूरचा कोळसा, गडचांदूर-आवारपूर-उपरवाहीचं सिमेंट, आलापल्लीकडून बल्लारशाच्या डेपोत येणारं सागवान, आणि आता गडचिरोलीतल्या सूरजागडचं लोहखनिज... सगळं चाकांवरच चालतं. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्थानक म्हणून कित्येक दशकं फक्त वडसा (देसाईगंज) होतं. त्यामुळे तिथे रस्ता हाच रूळ.

तर मुद्दा असा. या रस्त्यांवर ट्रेलरच्या मागे गाडी चालवताना एक गोष्ट बघा. रस्ता सरळ आहे, वळण नाही, तरी तुम्हाला ट्रेलरच्या मागच्या दारासोबत त्याची एक बाजूही दिसते. म्हणजे पुढचा घोडा (ओढणाऱ्या इंजिनवाल्या भागाला ट्रकवाले घोडा म्हणतात) सरळ चाललाय आणि मागचा ट्रेलर तिरका. कुत्रं धावताना कधी कधी त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्या रेषेत न पडता बाजूला पडतात ना, तसंच.

हे बघितल्यावर आपल्याकडे तीनच निष्कर्ष निघतात. एक, ड्रायव्हर प्यायलाय. दोन, गाडी ओव्हरलोड आहे. तीन, रस्ताच खराब आहे. यातलं काही ना काही कधी ना कधी खरं असतंच. पण माझं म्हणणं वेगळं आहे. ट्रेलर सातत्याने एकाच बाजूला तिरका चालत असेल तर बहुतेक वेळा दोष मागच्या एक्सलमध्ये असतो, तो काही मिलिमीटरचा असतो, आणि साध्या टेपने मोजता येतो. आपण तो मोजत नाही, म्हणून त्याची किंमत दोघे जण देतात. एक पुढे बसलेला ड्रायव्हर, आणि दुसरा बाजूच्या साईडपट्टीवरून जाणारा सायकलवाला.

आधी थोडी भूमिती. कंटाळा करू नका, बारावीपेक्षा सोपी आहे.

सेमी-ट्रेलरला पुढे चाकं नसतात. त्याचं नाक घोड्याच्या पाठीवर टेकलेलं असतं, आणि नाकाखाली किंगपिन नावाची एक जाड खुंटी असते. ती घोड्यावरच्या फिफ्थ व्हीलमध्ये अडकते. म्हणजे ट्रेलर दोनच गोष्टींनी ठरतो : पुढे किंगपिन, मागे एक्सल. किंगपिनपासून एक्सलच्या डाव्या टोकापर्यंतचं अंतर आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर सारखं असलं की एक्सल काटकोनात आहे. सारखं नसलं की चाकं ट्रेलरच्या अंगाच्या दिशेने न बघता थोडी बाजूला बघतात. चाक जिकडे बघतं तिकडेच जातं, त्याला दुसरं काही येत नाही. पण नाक घोड्याने धरून ठेवलंय. मग शेवटी ट्रेलर स्वतःच तिरका होतो आणि त्याच तिरकेपणात स्थिर होऊन चालत राहतो. एक्सलचं ज्या बाजूचं टोक मागे सरकलं असेल, त्या बाजूला शेपूट जातं.

आता आकडे. किंगपिन ते एक्सल ९ मीटर धरा, आणि एक्सलवर ज्या दोन ठिकाणी मोजतो त्यांच्यातलं अंतर २ मीटर. डाव्या-उजव्या मापात २ सेंटीमीटरचा फरक असला, तर मागची चाकं किंगपिनच्या रेषेपासून ९ सेंटीमीटर बाजूला जातात. ५ सेंटीमीटरचा फरक असला, तर २२ सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ एक वीत. आणि ट्रेलरचं शेपूट एक्सलच्याही मागे असतं, ते आणखी थोडं बाहेर.

एक वीत म्हणजे काय फार, असं पुण्यात बसून वाटेल. पण नियमाने गाडीची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. आपल्याकडे एकपदरी रस्त्याचं डांबर ३.७५ मीटर असतं, आणि त्याहून जरा बऱ्या मधल्या रस्त्याचं साडेपाच मीटर. साडेपाचातून २.६ गेले की उरले २.९. त्यातून समोरून दुसरा ट्रेलर आला, तर दोघांच्या मध्ये आणि दोन्ही कडांना मिळून जेमतेम ३० सेंटीमीटर उरतात. त्या ३० मधून एकाने एक वीत खाल्ली तर? कोणाला तरी एक चाक डांबराखाली उतरवावं लागतं. आणि तिथे आधीच कोणी तरी असतं. बाजाराला निघालेली बाई, शाळेची सायकल, मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पुडे घेऊन फळीकडे चाललेलं कुटुंब. पावसाळ्यात डांबराची कड खचलेली असते, साईडपट्टी म्हणजे नुसता चिखल. जंगल रस्त्याला अगदी चिकटून असल्याने आणखी बाजूला सरकायला जागा नसते.

ड्रायव्हरला हे सगळं दिसतं का? नाही. आरशात त्याला ट्रेलरची एक बाजू जरा जास्त दिसते आणि दुसरी बाजू दिसतच नाही. म्हणजे ज्या बाजूला शेपूट झाडत जातं तिथलं चित्र मोठं, आणि दुसरी बाजू आंधळी. त्यात स्टिअरिंग सतत जरासं एका बाजूला धरून ठेवायचं. आलापल्लीहून आष्टीपर्यंत असं धरून बघा, खांदा बोलायला लागेल.

इथपर्यंत एकाच एक्सलची गोष्ट झाली. आपल्याकडच्या मोठ्या ट्रेलरला बहुधा तीन एक्सल असतात (घोड्याची १० आणि ट्रेलरची १२ मिळून बावीस चाकं), आणि खरी गंमत तिथे सुरू होते. तीन एक्सल म्हणजे तीन मतं. तिन्ही सारखेच तिरके असले तर ट्रेलर खुशाल तिरका चालतो, टायर फारसे घासतही नाहीत. पण एकच एक्सल सरकला तर बाकीचे दोघे त्याला सरळ ओढतात आणि तो त्यांना तिरकं ओढतो. ट्रेलर थोडासाच तिरका दिसतो, पण भांडणाचा सगळा खर्च टायरवर पडतो. एक्सल एका बाजूने १ सेंटीमीटर सरकला असेल, तर इतर दोन एक्सलच्या मानाने त्याची दिशा दर किलोमीटरला ५ मीटर आडवी जाते. २०० किलोमीटरच्या फेरीत हे भांडण १ किलोमीटर आडवं ओढण्याइतकं होतं. आणि हे चंद्रपूरच्या ४६-४७ अंशांच्या उन्हात, तापलेल्या डांबरावर, पूर्ण भरलेल्या गाडीखाली! मग टायर फुटला की आपण म्हणतो, "माल हलका होता."

म्हणजे जो ट्रेलर डोळ्यांना सगळ्यात तिरका दिसतो तोच सगळ्यात बिघडलेला असेल असं नाही. डोळ्यांवर विसंबू नका. मोजा.

आता कारणं. माझ्या मेकॅनिकलच्या दिवसांचं थोडं पुस्तकी ज्ञान आणि गॅरेजमध्ये ऐकलेलं बरंच काही, असं मिळून :

१. यू-बोल्ट ढिले. एक्सल कमानीच्या पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला असतो. नवे पाटे टाकल्यावर थोडे दिवस चालवून हे बोल्ट पुन्हा आवळायचे असतात, कारण पाटे बसतात आणि ताण कमी होतो. हे दुसऱ्यांदा आवळणं सहसा राहूनच जातं.

२. सेंटर बोल्ट तुटणे. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो आणि त्याचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. एक्सल पुढे-मागे सरकू नये हे त्याचं काम. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा भार त्याच्यावर येतो, तो कातरला जातो, आणि एक्सलचं ते टोक मोकळं होतं. दर ब्रेकला थोडं थोडं सरकतं.

३. टॉर्क रॉडचे बुश झिजणे. एक्सलला मागे-पुढे धरून ठेवणाऱ्या दांड्या म्हणजे टॉर्क रॉड. त्यांच्या टोकांना रबराचे बुश असतात. ते खाल्ले गेले की एक्सल रिकाम्या गाडीत एका जागी, भरलेल्या गाडीत दुसऱ्या जागी आणि ब्रेक मारल्यावर तिसऱ्याच जागी असतो. हा सगळ्यात त्रासदायक प्रकार. आपल्या भाषेत सांगायचं तर 'माझ्या मशीनवर तर चालतंय' टाइपचा बग. उभ्या गाडीत मोजाल तर सगळं ठीक दिसेल.

४. पाट्याचे हँगर वाकणे, त्यांच्या भोकांत झीज होणे किंवा वेल्डिंगला तडा जाणे. चेसिसला जिथे कमानी लटकतात ती जागाच हलली तर खालचं सगळं हललं.

५. वाकलेला एक्सल. खड्ड्यात किंवा दुभाजकावर जोरात आदळल्याने, नाहीतर वर्षानुवर्षं जास्त वजन वाहिल्याने.

६. पिळवटलेलं चेसिस. टिपर ट्रेलर ओबडधोबड जागेवर उभा करून माल उलटला की अंग पिळतं. अपघातानंतर घाईघाईने 'सरळ' केलेल्या चेसिसमध्ये किंगपिनच मधल्या रेषेत राहत नाही.

७. किंगपिन किंवा फिफ्थ व्हील झिजणे. यात ट्रेलर कायम तिरका चालण्यापेक्षा लोंबकळल्यासारखा डावी-उजवीकडे डुलतो.

८. फुटकळ कारणं. एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी, जोडीत एक नवा आणि एक गुळगुळीत टायर, चिकटून राहणारा ब्रेक, चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ.

आणि एक कारण जे खरं तर दोष नाहीच. रस्त्याला कडेकडे उतार असतो, पाणी वाहून जावं म्हणून. त्यामुळे डावीकडून चालणारा ट्रेलर डावीकडे थोडा उतरतोच. म्हणून परीक्षा सपाट जागेवर घ्यायची.

यात ओव्हरलोड कुठे आलं? जवळजवळ प्रत्येक ओळीत आलं, पण कारण म्हणून नाही, घाई लावणारं म्हणून. जुलै २०१८ मध्ये केंद्राने एक्सलवरचं कायदेशीर वजन वाढवलं. चार टायरच्या एका एक्सलला १०.२ टनांवरून ११.५, आणि तीन एक्सलच्या संचाला २४ वरून २७ टन. हा नियम आधीच्या गाड्यांनाही लागू झाला. आधीच्या गाड्या म्हणजे आधीचे पाटे, आधीचे बुश. त्यात लोहखनिज. ते घनमीटरमागे कोळशापेक्षा अडीच-तीनपट जड. कोळशाच्या डब्यात ते काठोकाठ भरताच येत नाही, तळाशी ढीग करून न्यावं लागतं. लोडरवाल्याची बकेट एक हात इकडे-तिकडे पडली की एका बाजूचे पाटे कायमचे जास्त दबतात. कोळशाला हा मान-अपमान नसतो, तो डबाभर पसरतो.

आता एक खरी घटना सांगतो, कारण नुसत्या भूमितीने कोणाचं मन वळत नाही.

माझ्या मामांचे काही वर्षांपूर्वी दोन ट्रेलर होते, सिमेंटच्या कामावर लावलेले. त्यातला एक टायर खायचा. मधल्या एक्सलचे टायर इतरांच्या निम्म्या वेळात जायचे. मामांनी ठरवलं की ड्रायव्हर गाडी हाणतो, वळणावर फरफटवतो. दोन टायर फुटल्यावर त्यांनी त्याच्या पगारातून पैसे कापले. लगेच मामांना व्हिलन ठरवू नका, त्या धंद्यात हे अनेक जण करतात. ड्रायव्हर म्हणत होता, "मामा, गाडी ओढते." त्याचं कोणी ऐकलं नाही. दोन-तीन महिन्यांत तो काम सोडून रायपूरकडे दुसऱ्या मालकाकडे गेला. नवा ड्रायव्हर आला. टायर तसेच जात राहिले.

मग चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या कमानी मिस्त्रीने गाडी बघितली. त्याने मशीन लावलं नाही की काही नाही. आधी टायरवर तळवा फिरवला, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखं. मग खाली सरकून टॉर्च मारली आणि म्हणाला, "ड्रायव्हरले काहून बोलत होते भाऊ? हा एक्सलच सरकून राहिला ना!" डाव्या बाजूचा सेंटर बोल्ट तुटला होता. यू-बोल्टखाली चकचकीत घासल्याची खूण होती, गंज नसलेली, म्हणजे लोखंड तिथे रोज हलत होतं. टेप लावली तर दीड सेंटीमीटरचा फरक.

मामांनी त्या जुन्या ड्रायव्हरला फोन करून कापलेले पैसे पाठवले. त्याने घेतले. परत कामावर मात्र आला नाही. आणि का यावं त्याने?

ही गोष्ट आमच्या आबाजींना (आजोबांना) सांगितली तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या वेळी घरी बंडी होती. बंडीचा आख एका बाजूने सरकला की धुरा एका अंगाला ढकलायला लागतो, आणि जुवाखाली एकाच बैलाची मान सोलते. अडाणी माणूस त्या बैलाला मारतो, कारण तोच अंग चोरतोय असं वाटतं. शहाणा माणूस खाली उतरून आख बघतो. आबाजींच्या मते यात विशेष काही नाही, सगळ्यांना माहीत असतं. मला प्रश्न पडतो, की बैलाबद्दल सगळ्यांना माहीत होतं ते ड्रायव्हरबद्दल का माहीत नाही?

मोजायचं कसं, ते सांगतो. सपाट जागा हवी. ट्रेलर वीस-तीस मीटर सरळ पुढे ओढून हळूच थांबवायचा, म्हणजे टायरमधला पीळ निघून जातो. आधी यू-बोल्ट आणि बुश तपासायचे, कारण ते ढिले असतील तर माप खोटं बोलतं. मग घोडा सोडवायचा आणि किंगपिनच्या मधोमध गवंड्याचा ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करायची. तसाच ओळंबा पुढच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना, दोन्हीकडे अगदी सारख्या जागी. पोलादी टेप सारख्याच ताणाने धरून दोन्ही मापं घ्यायची. मग पहिल्या एक्सलपासून दुसऱ्या आणि तिसऱ्या एक्सलपर्यंतचं अंतर डावीकडे आणि उजवीकडे. अमेरिकेत यासाठी जी मर्यादा सर्रास धरतात ती अशी : किंगपिन ते पहिला एक्सल, फरक साधारण ३ मिलिमीटरच्या आत. एक्सल ते एक्सल, दीड मिलिमीटरच्या आत. दोन माणसं, एक टेप, एक ओळंबा, खडू. फार तर तासभर.

ओळंबाही नसेल तर त्याहून गावठी युक्ती आहे. रस्त्यावर पाणी ओता, त्यावरून गाडी सरळ न्या, आणि पुढे सुक्या डांबरावर उमटलेले ठसे बघा. घोड्याच्या मागच्या चाकांच्या ठशांवर ट्रेलरचे ठसे पडले तर छान. एका बाजूने डोकावले तर मिस्त्रीकडे जा.

इतकं सोपं असूनही हे होत का नाही? माझ्या मते ट्रेलर कोणाचाच नसतो म्हणून. कायद्याने त्यालाही स्वतःची नोंदणी असते, पण जीव घोड्यात असतो. इंजिन तिथे, ड्रायव्हर तिथे, सर्व्हिसचं वेळापत्रक तिथे. अलाइनमेंटच्या दुकानात गेलात की पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकांचं अलाइनमेंट करून देतात. गाडी पासिंगला नेली की ब्रेक, लाइट, रिफ्लेक्टर बघतात. नव्या स्वयंचलित तपासणी केंद्रांमधली साइड स्लिपची चाचणीही मुख्यतः वळणाऱ्या चाकांसाठीच. मागचे तीन एक्सल काटकोनात आहेत का, हा प्रश्न कोणाच्याच कागदावर नाही. दोन टीमच्या मधला इंटरफेस आणि त्याचा मालक कोणीच नाही, असं आपल्याकडे झालं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बग तिथेच राहतो, आणि शिव्या ज्याच्या स्क्रीनवर एरर दिसला त्याला!

आता यावरचे आक्षेप.

"आधी रस्ते नीट करा." मान्य. आष्टी-आलापल्ली-एटापल्ली पट्ट्यातले लोक रस्त्यांसाठी आणि अवजड वाहतुकीविरुद्ध रस्त्यावर उतरलेत, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण खराब रस्ता हे एक्सल न मोजण्याचं कारण कसं होईल? उलट रस्ता जितका वाईट तितक्या लवकर बोल्ट ढिला होणार. म्हणजे तिथे जास्त वेळा मोजायला हवं.

"आता तर पाइपलाइन आलीय." खरंय. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशा ८५ किलोमीटरच्या स्लरी पाइपलाइनचं उद्घाटन झालं. खनिजाची भुकटी पाण्यातून वाहून नेली की तेवढे ट्रक रस्त्यावरून कमी होतात, आणि हा माझ्या लेखातल्या कुठल्याही टेपपेक्षा मोठा उपाय आहे. पण कोनसरीत तयार झालेला माल पुढे जाणार कसा? कोळसा आहे, सिमेंट आहे, क्लिंकर आहे, राख आहे. ते पाइपातून जात नाहीत.

"छोट्या मालकाला परवडत नाही." हा आक्षेप मला सगळ्यात खोटा वाटतो, कारण छोट्या मालकालाच न मोजणं परवडत नाही. दोन गाड्यांच्या मालकाचे चार टायर अवेळी गेले की त्याचा हप्ता हुकतो. मोजणीला टेप लागते, आणि टेप एकदाच विकत घ्यावी लागते.

माझ्या मते करण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. पहिली, खाणी आणि कारखान्यांनी आपल्या गेटवर हे मागावं. तिथे आताही विमा, पीयूसी, फिटनेसचे कागद बघतात, ड्रायव्हरच्या पायात बूट आहेत का ते बघतात, काट्यावर वजन करतात. त्यात एक पान वाढवा : किंगपिन ते एक्सल, डावं माप, उजवं माप, तारीख, मिस्त्रीची सही. सहा महिन्यांतून एकदा, आणि पाटे किंवा बुश बदलले की प्रत्येक वेळी. ज्याचा माल वाहायचाय त्याने मागितलं की वाहतूकदार देतो. सरकारी अधिसूचनेची वाट बघावी लागत नाही.

दुसरी, फिटनेसच्या तपासणीत ट्रेलरच्या एक्सलचं माप यावं. अवजड मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस घ्यावाच लागतो. गाडी तिथे येतेच आहे, तासभर आणखी.

तिसरी, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. एक्सलचं माप दाखवल्याशिवाय टायरचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापायचे नाहीत. वाहतूकदारांच्या आणि ड्रायव्हरांच्या संघटनांनी आपापसात एवढं जरी ठरवलं तरी पुष्कळ. माप बरोबर निघालं आणि तरी टायर गेला, तर खुशाल बसून बोला. पण 'गाडी ओढते' असं ड्रायव्हर म्हणाला की आधी गाडीखाली जायचं. तो दिवसभर त्या स्टिअरिंगला धरून बसलेला असतो. त्या गाडीत त्याच्याइतका चांगला सेन्सर दुसरा कुठलाही नाही.

आणि तुम्ही-आम्ही? ताडोबाला जाताना किंवा हेमलकशाला निघाल्यावर असा तिरका ट्रेलर पुढे दिसला, तर हॉर्न वाजवत त्याच्या शेपटाच्या बाजूने घुसू नका. ड्रायव्हरला तुम्ही कदाचित दिसत नसाल. रस्ता रुंद होईपर्यंत मागे राहा. पुढे चहाच्या टपरीवर तो थांबलेला भेटलाच, तर सांगा, "भाऊ, ट्रेलर डावीकडे चालून राहिला तुमचा." तो बहुतेक म्हणेल, "माहीत आहे जी, मालक ऐकत नाही."

असो. पुढच्या शनिवारी हलका विषय घेईन, नक्की :)